थारला लिफ्ट बसवण्याआधी एकदा गाडीखाली झोपा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. २०२२ची थार, कडक टपाची, १८ इंची चाकं. राहता सोलापुरात, शेती मंगळवेढ्याच्या बाजूला. ऊसतोड सुरू झाली की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी शेतवाट खोल पडते आणि गाडीचं पोट मधल्या वरंब्याला घासतं. महिन्यातून दोनदा पुण्याला जाणं होतं, बरोबर आई-वडीलही असतात. एक दुकानदार गाडी उंच करायचं, म्हणजे लिफ्टचं, ४ इंचांचं स्पेसर किट (सस्पेन्शनमध्ये घालायच्या जाड चकत्या) एका दिवसात बसवून देतो म्हणतोय. मित्र म्हणतोय, स्प्रिंग आणि शॉकअपसकट पूर्ण किट घे. दोघांपैकी कुणाचं ऐकायचं?

मी सोलापुरात गेली २३ वर्षं सस्पेन्शनचंच काम करतोय. सुरुवात ट्रकचे पाटे चढवण्यापासून केली, आता निम्म्याहून जास्त गाड्या थार, जिम्नी, गुरखा आणि बोलेरो असतात. त्यामुळे किट कुठलं हे मी सांगेनच. पण तुमच्या प्रश्नात एक गोष्ट राहून गेलीय आणि सगळं उत्तर तिच्यावर अवलंबून आहे. घासतंय म्हणजे नेमकं काय घासतंय?

हे बघायला पैसे लागत नाहीत. गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. पोतं अंथरून टॉर्च घेऊन गाडीखाली सरका. जिथे जमीन लागते तिथला रंग उडून लोखंड चकाकतं, किंवा कडेला वाळलेली काळी माती दाबून बसलेली दिसते. दोन जागा नीट बघायच्या. एक, मागच्या दोन चाकांना जोडणारं जे आडवं हाउसिंग आहे त्याच्या मधला डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांचा गोळा. दुसरी, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधला भाग, म्हणजे गिअरबॉक्सखालचा पत्रा, चॅसीचे (खालच्या लोखंडी सांगाड्याचे) आडवे मेंबर आणि पायदान.

खूण फक्त गोळ्यावर असेल तर ४ इंच काय, १० इंचांची लिफ्ट टाकली तरी तुमचं घासणं एका मिलिमीटरनेही कमी होणार नाही. गिऱ्हाइकाला हे पटवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. थारच्या मागे सलग हाउसिंग आहे. ते चाकांना जोडलेलं असतं, त्याच्यावर स्प्रिंग आणि स्प्रिंगवर चॅसी आणि बॉडी. लिफ्टमध्ये आपण स्प्रिंगची उंची वाढवतो, म्हणजे स्प्रिंगच्या वर जे आहे ते उचलतो. हाउसिंग तर स्प्रिंगच्या खाली आहे. त्याची जमिनीपासूनची उंची फक्त टायर ठरवतो, आणि तीही टायरचा व्यास जितका वाढेल त्याच्या निम्मीच वाढते.

आता आकडे बघा. तुमचा टायर २५५/६५ आर १८. त्याचा व्यास साधारण ७८९ मिमी. लोक हौसेने घालतात तो २६५/७० आर १७ घेतला तर व्यास ८०३ मिमी. फरक १४, त्याचा निम्मा ७. म्हणजे चार टायर आणि चार रिमचा खर्च करून गोळा उचलला ७ मिमी, करंगळीच्या जाडीएवढासुद्धा नाही. २८५/७० आर १७ घातला तर व्यास ८३१ मिमी होतो आणि गोळा २१ मिमी उचलतो. हा फरक चिखलात जाणवतो, पण त्याबरोबर दुसरी दुखणी येतात, ती पुढे सांगतो.

दोन वर्षांपूर्वी मोहोळकडचे एक शेतकरी हीच तक्रार घेऊन आले होते. त्यांचीही थारच, मागणीही ४ इंचांचीच. मी त्यांना म्हटलं, आज काही बसवत नाही, एक काम करू. डब्यात चुना कालवला आणि ब्रशने मागच्या गोळ्याला, मधल्या पत्र्याला आणि दोन्ही पायदानांना फासला. म्हटलं, नेहमीच्या वाटेने शेतावर जाऊन या. संध्याकाळी ते परत आले, गाडी रॅम्पवर घेतली. मधला पत्रा पांढराशुभ्र, पायदानं पांढरीशुभ्र, आणि गोळ्याचा तळ तळहाताएवढा पुसून काळा झालेला. त्यांनी स्वतः बोट फिरवून बघितलं. मी त्यांना लिफ्ट विकली नाही. वरंबा टिकावाने फोडून दोन्ही चाकोऱ्यांत मुरूम टाका म्हटलं. दीडशे फुटांच्या वाटेला चार ट्रॉल्या मुरूम लागला, आणि ती गाडी आजही कंपनीच्याच उंचीवर चालतेय.

तुमच्याही वाटेबद्दल मला हाच संशय आहे, कारण तुम्ही लिहिलंय की मधला वरंबा घासतो. ट्रॅक्टरची चाकं मोठी, त्याचं हाउसिंग उंच, तो खोल चाकोरीतून आरामात जातो. आपली गाडी त्याच चाकोरीत उतरली की वरंबा थेट गोळ्याला भेटतो. अशा वाटेवर चाकोरीत उतरायचंच नाही. एका बाजूची चाकं वरंब्यावर आणि दुसऱ्या बाजूची बांधाकडच्या कडेवर, असं चालवायचं. हे कोरड्या वाटेचं झालं. काळं रान ओलं असेल तर वरंब्यावरून चाक घसरतं, म्हणून पाऊस पडून गेल्यावर रान वाफशावर येईपर्यंत गाडी आत घालूच नये. ओली काळी माती टायरच्या खाचांत भरली की पाच मिनिटांत टायर गुळगुळीत होतो. तिथे लिफ्ट नाही कामाला येत, टायरच्या खाचा आणि तुमचा संयम येतो.

आता दुसरी शक्यता. खुणा मधल्या पत्र्यावर किंवा पायदानावर आहेत. बांधावरून, कॅनॉलच्या भरावावरून, ओढ्याच्या काठावरून गाडी पलीकडे उतरताना मधोमध टेकते. इथे मात्र लिफ्टचा खरा उपयोग आहे. कंपनीच्या आकड्याप्रमाणे थारचा मधला कोन, म्हणजे उंचवटा ओलांडायचा कोन, २७ अंश आहे आणि व्हीलबेस २४५० मिमी. हिशेब केला तर ५० मिमी उचलल्यावर हा कोन साधारण ४ अंशांनी वाढतो. ऐकायला कमी वाटतं, पण बांध ओलांडताना टेकणं आणि न टेकणं यांतला फरक एवढाच असतो.

मग ५० मिमीने ४ अंश मिळतात तर १०० मिमीने ८ मिळतील, ४ इंच का नको? कारण थारचं पुढचं सस्पेन्शन.

पुढे सलग हाउसिंग नाही. डबल विशबोन आहे, म्हणजे प्रत्येक चाक वरच्या आणि खालच्या आर्मवर स्वतंत्र झुलतं, आणि डिफरन्शियल चॅसीला घट्ट धरलेलं आहे. डिफरन्शियलपासून चाकापर्यंत ड्राइव्ह शाफ्ट जातो, त्याच्या दोन्ही टोकांना सीव्ही जॉइंट, म्हणजे वाकलेला असतानाही फिरत राहणारा सांधा, आणि त्यांवर रबरी बूट. कंपनीच्या उंचीला हा शाफ्ट जवळजवळ आडवा असतो. गाडी उचलली की डिफरन्शियल वर जातं, चाक जमिनीवरच राहतं, आणि शाफ्ट तिरका होतो. जितकी लिफ्ट जास्त तितका जॉइंट कायमचा वाकलेला. चाक खड्ड्यात पूर्ण खाली लोंबलं की आणखी वाकतो. वरच्या आर्मचा बॉल जॉइंटही त्याच वेळी आपल्या टोकाला पोचलेला असतो.

पुढे जास्त उचललेली एक थार माझ्याकडे आली होती, लिफ्ट दुसरीकडे बसवलेली, जेमतेम आठ महिने झालेले. तक्रार होती, वळण घेताना टकटक आवाज येतो. चाक काढलं. रिमच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस सुदर्शन चक्रासारखं गोल उडालेलं होतं. बुटाच्या घड्या एकमेकींवर घासून दोन ठिकाणी फाटलेल्या. आत बोट घातलं तर ग्रीसमध्ये वाळू करकर लागली, भीमेच्या पात्रातली असणार. जॉइंटच्या गोळ्या खरवडलेल्या, म्हणजे बूट बदलून भागणार नव्हतं, पूर्ण शाफ्ट बदलावा लागला. स्पेसरमध्ये वाचवलेले पैसे तिथेच गेले. त्या माणसाची चूक एवढीच की त्याला कुणी कोन समजावून सांगितला नव्हता.

म्हणून थारसारख्या गाडीला पुढे ४० ते ५० मिमी ही माझी हद्द. त्यापुढे जायचं तर वरचे आर्म बदला, डिफरन्शियल खाली उतरवायचं किट टाका, ब्रेकच्या नळ्या लांब करा. मग ते वेगळंच काम होतं आणि ते रोज वापरायच्या घरच्या गाडीचं काम नाही. महिन्यातून दोनदा पुणे महामार्गावर आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्या गाडीला मी ते कधीच करणार नाही. एक साधा हिशेब करून बघा. गाडी उलटायला किती सोपी, हे चाकांमधलं निम्मं अंतर भागिले गुरुत्वमध्याची उंची यावरून ठरतं. समजा निम्मं अंतर ७५० मिमी आणि गुरुत्वमध्यही ७५० मिमीवर, तर आकडा १ येतो. गुरुत्वमध्य ८० मिमी वर गेला तर तोच ०.९ वर येतो. टेंभुर्णीजवळ ९०च्या वेगाने जाताना समोर अचानक दुचाकी आडवी आली आणि तुम्ही स्टिअरिंग झटकन फिरवलं, तर त्या वेळी हा दहा टक्क्यांचा फरक तुम्हाला नको असतो.

आता स्पेसर की पूर्ण किट. स्पेसरबद्दल दोन टोकाची मतं ऐकायला मिळतात. माझं मत मधलं आहे, कारण स्पेसर दोन प्रकारचे असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिला प्रकार शॉकअपच्या डोक्यावर, चॅसीच्या आणि शॉकअपच्या मध्ये बसतो. स्प्रिंग तीच, तिच्यावरचा दाबही तोच, त्यामुळे गाडीचा बसका-उठका पहिल्यासारखाच लागतो. पण पूर्ण शॉकअपच खाली सरकतो, म्हणून चाक पहिल्यापेक्षा जास्त खाली लोंबतं आणि वर सांगितलेला शाफ्टचा कोन टोकाला बिघडतो. शिवाय शॉकअप खालच्या आर्मवर चाकापासून आतल्या बाजूला बसलेला असतो, त्यामुळे वरती जितक्या जाडीचा स्पेसर टाकाल त्यापेक्षा चाकापाशी उचल जास्त मिळते. माझ्या मोजमापात ती दीडपटीच्या आसपास येते. दुकानदाराला आधी विचारा, ४ इंच म्हणजे स्पेसरची जाडी की चाकापाशी मिळणारी उचल? यावर त्याला नीट उत्तर देता आलं नाही तर तिथून निघा.

दुसरा प्रकार स्प्रिंग आणि तिच्या बैठकीच्या मध्ये बसतो. याने स्प्रिंग आधीच दाबली जाते. शॉकअपची एकूण लांबी तीच राहते, म्हणून शाफ्टला टोकाचा ताण येत नाही, ही जमेची बाजू. पण गाडी उभी असतानाच शॉकअप जवळजवळ पूर्ण उघडलेला असतो. स्पीडब्रेकरवरून चाक खाली उतरताना त्याला उघडायला जागाच उरत नाही आणि आतून खण् असा आवाज येतो. दर स्पीडब्रेकरला तो खण् शॉकअपच्या आतल्या वॉशरवर आदळतो. वर्षभरात सील गळायला लागतं.

२० ते २५ मिमीची उचल हवी असेल, गाडीवर जादा वजन नसेल आणि कंपनीचे शॉकअप चांगल्या अवस्थेत असतील, तर चांगल्या अॅल्युमिनियमचा पहिल्या प्रकारचा स्पेसर मी आजही बसवतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण ५० मिमीची उचल हवी आणि खराब रस्त्यावर रोज चालवायचं असेल तर स्प्रिंग आणि शॉकअप जोडीने बदलावेत. तुमच्या मित्राचं इथे बरोबर आहे, फक्त त्याने पुढचा प्रश्न विचारलेला नाही. स्प्रिंग किती वजनाची?

लिफ्टचं किट निवडताना लोक उंची बघतात. मी वजन बघतो. स्प्रिंग म्हणजे वजन पेलायची वस्तू. योग्य वजनाची स्प्रिंग घेतली की उंची आपोआप मिळते, चुकीच्या वजनाची घेतली तर उंचीही चुकते आणि बसायचं सुखही जातं. ओल्ड मॅन एमू, आयर्नमॅनसारख्या कंपन्या एकाच गाडीसाठी दोन-तीन वजनांच्या स्प्रिंग देतात, ते याच कारणाने. गाडीवर कायम काय असणार, हे ठरवा. लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र) मिळून पुढे ८० ते १०० किलो सहज वाढतात. टपावर कॅरिअर, मागे पाण्याचे कॅन, हत्यारांची पेटी. हे सगळं नेहमीचं असेल तर जड स्प्रिंग. कधीतरी खताच्या चार गोण्या टाकता, एवढंच असेल तर जड स्प्रिंग घेऊ नका. कधीमधी लागणारं वजन हे स्प्रिंग निवडायचं कारण नाही.

यात माझ्या हातून एकदा चूक झालेली आहे. बार्शीच्या एका तरुणाला विंच आणि लोखंडी बंपर लावायचा होता, म्हणून मी पुढे जड स्प्रिंग घातल्या. बंपर त्याने पुढे घेतलाच नाही. सहा महिने तो गाडी तशीच चालवत राहिला. पुढची बाजू नाक वर करून उभी, खड्ड्यात दगडासारखी आदळते, बायकोने गाडीत बसणं सोडलं. शेवटी मी स्वतःच्या खर्चाने मधल्या वजनाच्या स्प्रिंग मागवून घातल्या. तेव्हापासून नियम केला, आधी वजन गाडीवर चढवा, मग स्प्रिंग.

शॉकअपबद्दल थोडं. आपल्याकडे दोन प्रकार चालतात, ट्विन ट्यूब (नळीत नळी) आणि मोनो ट्यूब (एकच नळी). शॉकअप म्हणजे गाडीच्या उड्या तेलात जिरवणारा पंप. ते काम करताना तेल तापतं. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यात पारा ४२-४३ला जातो, त्यात तासभर खडीच्या रस्त्यावर चालवलं की तेल फेसाळतं, शॉकअप ढिला पडतो आणि गाडी होडीसारखी डुलायला लागते. मोनो ट्यूबमध्ये तेल बाहेरच्या नळीलाच टेकलेलं असतं, म्हणून उष्णता लवकर बाहेर जाते, आणि गॅस वेगळ्या कप्प्यात असल्याने फेस होत नाही. पण त्याच्या नळीवर दगड बसून खोक पडली तर आतला पिस्टन अडकतो. ट्विन ट्यूबला बाहेरच्या नळीवर अशी खोक पडली तरी आतली नळी वाचते. तुमच्या वापरात लांबचा महामार्ग आणि थोडी शेतवाट आहे, तेव्हा चांगल्या कंपनीचा, जाड पिस्टनचा, गॅस भरलेला ट्विन ट्यूब पुरेसा आहे. खूप वेगाने खडबडीत रस्त्यावर पळवणार असाल तरच मोनो ट्यूबचे जादा पैसे वसूल होतात.

टायरबद्दल वर म्हटलं होतं की मोठ्या टायरबरोबर दुखणी येतात. सगळ्यात मोठा गैरसमज असा की लिफ्ट केली की मोठा टायर आपोआप बसतो. उभ्या गाडीत बसतो, हे खरं. पण चाक खड्ड्यातून उसळून पूर्ण वर जातं तेव्हा ते बंपस्टॉपला, म्हणजे चाकाला वर अडवणाऱ्या रबरी ठोकळ्याला, लागेपर्यंत वरच जाणार, आणि बंपस्टॉप तर लिफ्टने हललेला नाही. मग टायर फेंडरच्या आतल्या प्लास्टिकला आणि वळवताना चॅसीला घासतो. म्हणजे मोठ्या टायरला बंपस्टॉपही लांब करायला हवा. २८५/७० आर १७चा व्यास तुमच्या टायरपेक्षा ५ टक्क्यांहून जास्त आहे, तेवढा स्पीडोमीटर कमी दाखवणार, इंजिनला गाडी ओढायला जड जाणार आणि ब्रेक लागायला जास्त जोर लागणार. तुमच्यासाठी मी टायरचा आकार बदलणार नाही. आहे त्याच मापात ऑल टेरेन (डांबरी आणि कच्च्या, दोन्ही वाटांच्या) नक्षीचा चांगला टायर घ्या आणि हवेचा दाब मोजायचा गेज गाडीत ठेवा. नदीच्या वाळूत १८-२० पीएसआयवर उतरलेली साधी थार लिफ्ट केलेल्या गाडीच्या पुढे जाते, हे मी कितीदा बघितलंय. फक्त डांबरीवर आल्यावर हवा परत भरायला विसरू नका.

इतर गाड्यांबद्दलही लोक विचारतात, म्हणून थोडक्यात. जिम्नीला पुढे-मागे दोन्हीकडे सलग हाउसिंग आणि कॉइल स्प्रिंग आहेत, त्यामुळे सीव्ही बुटाचं दुखणं कमी. पण तिचं हाउसिंग पॅनहार्ड रॉडने, म्हणजे चॅसीपासून हाउसिंगपर्यंत जाणाऱ्या आडव्या दांड्याने, एका बाजूला धरलेलं असतं. गाडी उचलली की तो रॉड हाउसिंगला बाजूला ओढतो आणि चाकं एका बाजूला सरकलेली दिसतात, तेव्हा लांबी बदलता येणारा रॉड आणि कॅस्टर (स्टिअरिंग सरळ ठेवणारा पुढच्या चाकांचा कोन) सुधारायचे रबरी बुश त्याच दिवशी बसवावेत. २०२०च्या आधीच्या सीआरडीई इंजिनाच्या थारला पुढे टॉर्शन बार (पिळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी कांब) आणि मागे पाटे आहेत. टॉर्शन बारचा बोल्ट आवळून पुढची बाजू उचलणं हे स्प्रिंगवरच्या स्पेसरचंच भावंड आहे, एक इंचाच्या पुढे जाऊ नका. जुन्या पाट्यांच्या जीपला शॅकल (पाट्याचं टोक चॅसीला जोडणारी कडी) लांब करून उचलायची पद्धत आपल्याकडे फार आहे. शॅकल २ इंच लांब केली की गाडी १ इंच उचलते. मागे एकवेळ चालतं, पण पुढे कॅस्टर बिघडतो आणि गाडी रस्त्यावर सरळ धरत नाही. पुढच्या पाट्यांखाली ब्लॉक तर कधीच नको. ब्रेक लागताना तो सुटला तर हाउसिंग हातातून गेलं. पाच दारांच्या थार रॉक्सच्या वरच्या मॉडेलांना एडासचा, म्हणजे चालकाला धोक्याची सूचना देणाऱ्या यंत्रणेचा कॅमेरा आहे, उंची बदलली की त्याचं कॅलिब्रेशन करून घ्यावं लागतं, हे तिच्या मालकांनी लक्षात ठेवावं.

लिफ्ट बसल्यावर त्याच दिवशी चार चाकांचं अलाइनमेंट, तेही आकडे छापून देणाऱ्या मशीनवर. कॅस्टर कमी झाला की वळणावरून बाहेर येताना स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही, आणि महामार्गावर गाडी सारखी सावरत बसावी लागते. पाचशे किलोमीटर झाल्यावर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्कवर, म्हणजे ठरवून दिलेल्या जोराने, आवळा. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळायचे, लिफ्टवर लोंबत असताना आवळले तर बुश पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. हे काम तुमच्यासमोर करून घ्या. हेडलाइटही खाली घ्या, नाहीतर रात्री पुण्याकडून येणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांत तुमचा प्रकाश जाणार.

कायद्याची बाजू कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातला आणि कंपनीने दिलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हेच उचलून धरलं, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफाराला प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. अपघात झाला तर विमा कंपनीही फेरफारावर बोट ठेवू शकते. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी म्हणतो, आधी आरटीओ आणि विमा कंपनीला लेखी विचारा. ते उत्तर हातात आल्यावर माझ्याकडे या.

आणि तुमच्या आईवडिलांचं. थारच्या तीन दारांच्या गाडीत मागे चढणं आधीच अवघड. ५० मिमी म्हणजे जवळजवळ दोन इंच वर पाय टाकायचा. गुडघे दुखत असतील तर हे रोज जाणवतं. बसवण्याआधी दाराखाली, पायदानापेक्षा दोन इंच वर येईल अशी फळी धरून त्यांना त्यावर पाय ठेवून चढून बघायला सांगा. त्यांना जमत नसेल तर लिफ्टचा विचार तिथेच थांबवा, किंवा २५ मिमीवर या.

तर तुमच्यासाठी माझा क्रम असा. आधी चुना लावून बघा. गोळाच घासत असेल तर पैसे मुरमात घाला, लिफ्ट नको. मधला पत्रा घासत असेल तर ४० ते ५० मिमी, कायम वजनाप्रमाणे निवडलेल्या स्प्रिंग, जोडीचे शॉकअप, टायर आहे त्याच मापाचा. ४ इंचांचं स्पेसर किट कुठल्याही परिस्थितीत नको.

चुना लावायच्या आधी अजून एक काम करा. टाकी निम्मी भरलेली असताना, सपाट फरशीवर, चारही चाकांच्या हबच्या मध्यापासून सरळ वर फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर मिमीमध्ये मोजा. डावी-उजवी बाजू १० मिमीपेक्षा जास्त वेगळी निघाली तर एखादी स्प्रिंग आधीच बसलेली आहे आणि तुमचं घासणं तिथूनही आलेलं असू शकतं. ते चार आकडे, पुसलेल्या चुन्याचा फोटो आणि गाडीत नेहमी काय वजन असतं ते कळवा. त्यावरून स्प्रिंग कुठल्या वजनाची घ्यायची ते मी नेमकं सांगतो.